अनोळखी रानातला टर्की: मार्क ट्वेन जंगलातले तीन दिवस (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

मिझुरीत राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. त्यातले अकरा वसंत मी राज्याच्या उत्तरेला एका शेतावर टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीत घालवले. शेत जुन्या सहकाऱ्याचं, १८० एकर, मधोमध ओढा. रात्री पक्षी कुठल्या अक्रोडावर बसतात, सकाळी कुंपणाच्या कुठल्या भगदाडातून मळ्यात येतात, हे मला तोंडपाठ होतं. दर वर्षी एक तरी नर मिळायचा. मित्रमंडळीत माझी ख्याती झाली होती आणि खरं सांगायचं तर मलाही ती पटली होती.

गेल्या हिवाळ्यात शेत विकलं गेलं. नव्या मालकाने शिकारीचे हक्क भाड्याने दिले. त्याच सुमारास माझ्या मावसबहिणीचा मुलगा नोकरीसाठी सेंट लुईसला आला. नगरकडचा मुलगा, वय एकोणतीस. मला मामा म्हणतो. लहानपणी पणजोबांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकलेला, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरच्या भारतात वाढलेला, त्यामुळे बंदूक त्याने फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली. "मामा, मला एकदा न्या," म्हणाला. त्या एका वाक्यातून हे प्रकरण सुरू झालं. नेमकी जागा आणि माणसांच्या खुणा बदलल्या आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहितो आहे.

ज्यांना हा पक्षी फक्त थँक्सगिव्हिंगच्या ताटात माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं. रानटी टर्की म्हणजे पोल्ट्रीतला पांढरा गोळा नव्हे. रंग काळसर तांब्याचा, नराचं वजन आठ-दहा किलो, तरी रात्री झाडाच्या शेंड्यावर झोपायला उडून जातो. वसंतात पहाटे नर झाडावरूनच गडगडतो, त्याला गॉबल म्हणतात. निसर्गाचा रिवाज असा की नराने ओरडायचं आणि मादीने त्याच्याकडे जायचं. शिकारी हे उलटं करू पाहतो. लाकडी पेटी किंवा पाटी घासून मादीचा आवाज काढायचा आणि नरालाच आपल्याकडे बोलवायचं. म्हणजे मुळात आपण त्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध वागायला सांगत असतो, हे लक्षात असलं की निराशा जरा कमी होते.

आपल्याकडेही हा पक्षी अगदीच परका नाही. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जहांगीरसाठी जे नवलाचे जीव नेले त्यात एक टर्की होता. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात. भाच्याला हे सांगितल्यावर पुढचे तीन दिवस तो "पेरू पाडायला जाऊ या" एवढंच म्हणत होता.

कागदपत्रं

हे आधी, कारण आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. भाचा एच-वन-बी व्हिसावर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत, मग ती उसनी का असेनात. वैध शिकार परवाना हातात असेल तर मात्र अपवाद आहे. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (मिझुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतोच), मग टर्कीचा परवाना, आणि त्यानंतर बंदुकीला हात. माझी जुनी बारा बोअर त्याच्या हातात मी परवाना छापून झाल्यावरच दिली. नेमबाजीच्या रेंजवर ४० यार्डांवर कागद लावून पाच नंबरचे छर्रे कसे पसरतात ते पाहिलं. ३० यार्डांपर्यंत डोकं-मान छान भरत होती, ४० ला छऱ्यांच्या मध्ये मोकळ्या जागा राहत होत्या. हद्द ठरली, ३० यार्ड.

अडचण

शेत गेलं, सुट्टी तीन दिवसांची, सोबत नवखा माणूस, आणि रान कधी न पाहिलेलं. मिझुरीत सार्वजनिक जमिनीवर वसंतातली टर्कीची शिकार दुपारी एकला थांबते. (खासगी जमिनीवर २०२४ पासून सूर्यास्तापर्यंत चालते. शेत गेल्याचं दुःख अशा ठिकाणी नव्याने होतं.) म्हणजे दिवसाकाठी हातात जेमतेम सात तास.

खरी अडचण मात्र मला निघण्यापूर्वी दिसलीच नव्हती. अकरा वर्षं मी समजत होतो की मला टर्की कळतो. मला कळत होतं ते एक शेत.

पर्याय

घराजवळची राज्याची छोटी राखीव क्षेत्रं हा पहिला विचार. सोयीची, पण शनिवारी मंडईत जितकी माणसं तितकी तिथे. पैसे देऊन एखाद्या शेतकऱ्याची जमीन शिकारीसाठी भाड्याने घेणं हा दुसरा. तो मी रागाने फेटाळला. माझं शेत ज्या चालीने गेलं तीच चाल मी दुसऱ्यावर करू का, असा तो राग होता. आता वाटतं, त्यात तत्त्व कमी आणि रुसवा जास्त होता.

तिसरा पर्याय दक्षिणेला, ओझार्कच्या डोंगरांतलं मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्ट. सुमारे १५ लाख एकर, २९ काउंट्यांत विखुरलेलं. विखुरलेलं हा शब्द शब्दशः घ्या. नकाशावर हिरवा रंग सलग दिसत नाही, गोधडीसारखा आहे, मध्येमध्ये खासगी ठिगळं. पण टर्कीच्या दृष्टीने भाग इतिहासाचा. शंभरेक वर्षांपूर्वी इथली पाइनची झाडं कापून नेली, टर्की जवळजवळ संपला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या राज्यात अडीच हजारांहूनही कमी पक्षी उरले होते. मग जे थोडे होते ते जाळ्यात पकडून दुसरीकडे सोडायचं काम सुरू झालं, आणि १९६० मध्ये वसंतातला हंगाम पुन्हा उघडला. बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला मिळतो, त्याचाही यात वाटा.

आम्ही जंगल निवडलं आणि दिवस दुसऱ्या आठवड्यातले बुधवार ते शुक्रवार. पहिल्या आठवड्याची झुंबड ओसरलेली असते, शनिवार-रविवारची गर्दी टळते. हा निर्णय बरोबर होता.

घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवर तीन जागा काढल्या. पहिली, गाडीतळाला लागून वन्यजीवांसाठी राखलेलं गवताचं मोकळं मैदान. दुसरी, एका खासगी कुरणाच्या हद्दीला चिकटलेला जंगलाचा पट्टा. तिसरी, बंद फाटकाच्या मागे दोनेक किलोमीटर चालून जायची डोंगराची सोंड. या तिसरीबद्दल मी वनखात्याच्या तिथल्या कार्यालयात फोन करून विचारलं होतं, यंदा कुठे जाळलंय का? जंगलाची निगा म्हणून ते पालापाचोळा मुद्दाम जाळतात. पलीकडून उत्तर आलं, हो, त्याच सोंडेची एक बाजू मार्चमध्ये जाळली. फोन सहा मिनिटांचा. ताज्या जळितावर कोवळी पालवी आणि किडे येतात, टर्कीला तेच हवं असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरीही ती जागा मी यादीत शेवटी ठेवली. लांब होती, म्हणून.

मंगळवार संध्याकाळ: न घेतलेला निर्णय

पाचला पोचलो. भुरभुर पाऊस. तंबू ठोकला, चूल पेटवली. सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास. सातला भाचा म्हणाला, "मामा, अंधार पडायच्या आत जरा ऐकून येऊ या का? कोर्समध्ये सांगितलं होतं, झाडावर चढताना कधीकधी ओरडतात."

"सकाळी ओरडतीलच की," मी म्हणालो, आणि कांदा चिरत राहिलो.

शेतावर मला कधी संध्याकाळी ऐकायची गरजच पडली नव्हती. अक्रोड ठरलेला होता.

बुधवार: गाडीतळ

पावणेपाचला मैदानाच्या गाडीतळावर आलो तर दोन पिकअप आधीच उभ्या. एकीच्या बॉनेटवर हात ठेवला, कोमट होता. इथे पहिला खरा निर्णय होता. निघून जायचं की दुसऱ्या अंगाने आत शिरायचं? निघून गेलो असतो तर दुसऱ्या जागी पोचेपर्यंत उजाडलं असतं, आणि ती जागा अंधारात शोधायची माझी तयारी नव्हती. म्हणून आत शिरलो. उजवीकडे चारशे पावलं, एका रुंद ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. बुंधा खांद्यांपेक्षा रुंद हवा हा नियम. मागून कुणी गोळी झाडली तर झाडाला लागावी.

पूर्वेला फटफटलं. व्हिपूरविल पक्ष्याची न थकणारी रट थांबली आणि घुबडं सुरू झाली. सहाच्या आत एक टर्की गडगडला. भाच्याने माझं मनगट धरलं. असा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि माझं लक्ष नेमकं त्या चेहऱ्यात गुंतलं. मी पेटी घासली. नराने उत्तर दिलं. मग डाव्या अंगाने एक मादी बोलली, मग मागून आणखी एक. मैदान भरलेलं वाटलं.

पावणेसातला मागची मादी जवळ यायला लागली. मी बोललो की ती बोले, दर वेळी जरा पुढून. मी भाच्याला कुजबुजलो, "तयार राहा." हे दोन शब्द मी अजून विसरलो नाही. त्याने कूस बदलली, बंदूक गुडघ्यावर टेकवून मागे वळवली. पस्तीसेक पावलांवर डॉगवुडच्या फुलांमागे काहीतरी हललं. पांढरं, मुठीएवढं, खालीवर झालं. जोशात आलेल्या नराचा माथा पांढराच असतो.

आणि मला 'टक्' ऐकू आलं. बंदुकीच्या सेफ्टीचं बटण, म्हणजे आता चाप ओढला की बार.

मी नळीवर हात ठेवून ती जमिनीकडे दाबली आणि घसा खरवडून मोठ्याने ओरडलो, "इकडे माणसं आहेत!" इंग्रजीत ओरडायचं होतं, आलं मराठीत. मग इंग्रजीत पुन्हा. डॉगवुडमागून एक म्हातारा गृहस्थ उभा राहिला. हातात पांढरा कागदी रुमाल. सर्दी झाली होती त्याला, नाक पुसत होता. आमच्या पेटीच्या आवाजाला तो मादी समजला होता, तिच्यामागे नर असेल म्हणून सरपटत येत होता. आम्ही त्याच्या आवाजाला मादी समजलो होतो.

आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला, मी इथे गेला आठवडाभर येतोय, या मैदानातल्या नराला आता आवाजावरून पेटी कुठल्या कंपनीची तेसुद्धा कळत असेल. हसलो, पण भाच्याचे हात थरथरत होते आणि माझेही. बंदूक रिकामी करून त्याने काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली, एकेक करून.

दहाला गाडीपाशी आलो. दोन्ही पिकअप गेलेल्या. तळावर फक्त आम्ही.

गाडीच्या मागच्या फळीवरची बैठक

इथे आम्ही तासभर बसलो. पायजम्यावरच्या गोचिड्या वेचत. ओझार्कमध्ये एप्रिलमध्ये गोचिड्यांचा सुकाळ असतो, आणि तिथल्या लोन स्टार जातीच्या चाव्याने लाल मांसाची ॲलर्जी जडू शकते. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारलं नसतं तर वेचायलाही बसता आलं नसतं.

चूक कुणाची? बटण भाच्याने दाबलं. पण "तयार राहा" मी म्हणालो होतो, आणि नवख्याच्या कानाला त्याचा अर्थ 'गोळी झाड' असाच लागतो. शिवाय येणाऱ्या आवाजाला मी प्रतिसाद देत राहिलो. सार्वजनिक रानात मागून येणारा आवाज आधी माणसाचा धरायचा, हे मला माहीत होतं. शेतावर ते ज्ञान अकरा वर्षं वापराविना पडून होतं.

दोन गोष्टी ठरल्या. एक, सेफ्टीला हात लावण्याआधी भाच्याने तोंडाने 'दाढी' म्हणायचं. नराच्या छातीवर केसाळ पिसांचा झुबका लोंबतो ती दाढी. वसंतात कायद्यानेही नर किंवा दाढी दिसणारा पक्षीच मारता येतो. दाढी दिसली म्हणजे पक्षी पूर्ण दिसला. शब्द नाही तर बटण नाही. दोन, संध्याकाळी ऐकल्याशिवाय सकाळची जागा ठरवायची नाही.

गुरुवार: जांभळा पट्टा

बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या जागेच्या वाटेवर उभं राहून ऐकलं. अंधार पडता पडता पंखांची जड फडफड आणि एक गॉबल. मला हायसं वाटलं. गुरुवारी साडेपाचला आम्ही आवाजापासून दीडशे पावलांवर होतो.

उजेड वाढला तसे झाडांवरचे जांभळे पट्टे दिसायला लागले. मिझुरीत १९९३ पासून जांभळा रंग म्हणजे 'आत येऊ नका' अशी पाटी: किमान ८ इंच उभी रेघ, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर, दोन खुणांत १०० फुटांपेक्षा जास्त अंतर नाही. फोनवरच्या ॲपमध्ये हद्द तीसेक मीटर पुढे दाखवत होती, म्हणजे ॲप खरं धरलं तर पक्ष्याचं झाड जवळजवळ आमच्या बाजूला. भाचा फोन दाखवत होता, मी झाड. ॲपमधली रेघ कुणीतरी संगणकावर ओढलेली असते. रंग मालकाने हाताने लावलेला असतो, आणि भांडायला तोच येतो. आम्ही पट्ट्यापासून आणखी साठ पावलं मागे सरलो.

नर उतरला तो पलीकडच्या कुरणात. पाच माद्यांमध्ये शेपटीचा पंखा फुलवून हिंडत होता. आम्ही हाका मारल्या, त्याने मान वळवून बघितलंसुद्धा. मग ऊन कुरणावर आलं आणि मला तीन पायांवरचं हिरवं पिंप दिसलं. मक्याचा फीडर. पक्षी तिथे का झोपतात ते कळलं.

हा दुसरा मोठा निर्णय. तीन वाटा होत्या. बसून राहायचं, पक्षी इकडे आला तर बघू. मालकाकडे जाऊन विचारायचं. नाहीतर उठायचं.

भाचा म्हणाला, "मका आपण थोडाच टाकलाय?"

"टाकला कुणी हा प्रश्न नाही रे. दाण्याला येणाऱ्या पक्ष्याच्या वाटेवर आपण बसलोय हा प्रश्न आहे."

मिझुरीत आमिषावर टर्की मारायला बंदी आहे. दाणा पूर्ण उचलल्यावरही दहा दिवस ती जागा आमिषाची धरतात. दुसऱ्याने टाकलेल्या दाण्यानेही शिकारी गोत्यात येतो. त्यात भाचा व्हिसावर. एखादा दंड माझ्यासाठी पावती, त्याच्यासाठी पुढच्या प्रत्येक अर्जातला रकाना. साडेसातला उठलो. तो नाराज होता, आणि त्याची नाराजी मला समजत होती. पंखा फुलवलेला नर नजरेसमोर सोडून पाठ फिरवणं सोपं नसतं.

मालकाकडे जायचा विचार मी का टाळला, याचं प्रामाणिक उत्तर संकोच. सकाळी आठला ओझार्कमधल्या अनोळखी दारात दोन गव्हाळ माणसं, अंगावर रानरंगाचे कपडे. गाडीतले कपडे बदलून दुपारी गेलो असतो तर कदाचित पुढच्या वर्षाची सोय झाली असती. माझ्या गोऱ्या मित्रांना हा हिशेब करावा लागत नाही, एवढंच नोंदवतो.

फाटकाच्या मागे

नऊच्या सुमारास तिसऱ्या जागेचं बंद फाटक ओलांडलं. पायी जायला मनाई नसते, बंदी गाड्यांना. गाडी नाही, बुटांचे ठसे नाहीत. दोन किलोमीटर चढ, गारगोटीचे दगड पायाखाली घसरणारे. आपल्याकडच्या घाटात मुरमाची वाट असते तसंच.

सोंडेच्या माथ्यावर आलो आणि रान बदललं. उजवीकडे गेल्या वर्षीचा तपकिरी पाला घोट्यापर्यंत, डावीकडे काळी जमीन आणि तिच्यावर बोटभर हिरवी पालवी. भाचा खाली वाकला. जमीन उकरलेली होती. पालापाचोळा मागे फेकून टोकदार पंजाने खरडलेली, ओल अजून वाळली नव्हती. चार पावलांवर इंग्रजी 'जे'सारखी वळलेली विष्ठा. नराची तशी असते, मादीची गुंडाळीसारखी. पुढे राखेत अंग घोळल्याचा खळगा, त्यात एक पीस, टोकाला काळी कड. एका बैठकीत त्याने हे सगळं शोधलं. मी त्याला पुस्तकातलं एकेक नाव सांगत होतो. अकरा वर्षांत असं गुडघ्यावर बसून जमीन वाचायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

एकपर्यंत एकही आवाज नाही. बंदुका रिकाम्या करून उतरलो, जेवलो, झोपलो, साडेसहाला नुसते हात हलवत पुन्हा वर. अंधारताना मी घुबडाची हाक मारली. समोरच्या घळीच्या तोंडाशी दोन नर एकापाठोपाठ गडगडले. दिशा कंपासवर घेतली. सकाळी घळ ओलांडायची नाही, सोंडेवरूनच जायचं, त्यांच्या उंचीला बसायचं, असं परतताना बोलून घेतलं.

शुक्रवार

पावणेचारला उठलो. पाचला जागेवर. त्या सकाळी नर किती वेळा ओरडला ते मी तिसानंतर मोजायचं सोडलं. सव्वासहाला उतरला, माद्यांचे आवाज आले, आणि सगळी वरात घळीतून पलीकडे निघून गेली. सव्वासातला चिडीचूप.

मागे जायचं की बसायचं? माझे पाय वळसा घालून पुढे जायला शिवशिवत होते. शेतावर मी हेच करायचो, कारण ते कुठे निघणार हे माहीत असायचं. इथे घळीच्या पलीकडे काय आहे ते मी फक्त चित्रात पाहिलेलं. आम्हाला खात्रीने माहीत होती एकच गोष्ट: काल दुपारपूर्वी या जळितावर कुणीतरी खरडलं होतं. उशिरा माद्या अंड्यांवर जातात आणि नर एकटा पडतो, हेही खरं. "अकरापर्यंत इथेच," मी म्हणालो. अनोळखी रानात माझ्या हातून झालेला हा एकच निर्णय मी शेतावरच्या सवयीविरुद्ध घेतला.

तीन तास. मुंग्या, पायाला गोळे, शेंगदाण्याचा अर्धा लाडू. दर वीस मिनिटांनी पाटीवर दोन हलक्या हाका. नऊ-चाळीसला एकच गॉबल, लांब. मग काही नाही. साडेदहाच्या आत मला आवाज येण्यापूर्वी छातीत काहीतरी जाणवलं, दूरच्या रस्त्यावर ट्रक चालू ठेवल्यासारखी घुमघुम. नर पंखा फुलवून चालतो तेव्हा असा घुमतो. भाच्याला तो माझ्याआधी दिसला. काळ्या जमिनीवर पांढरा माथा, निळा गाल, लाल मान.

पांढरा माथा. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा हलला नाही. पक्षी एका पाइनमागे गेला, बाहेर आला, वळला.

"दाढी," भाचा म्हणाला.

मग 'टक्'. मग बार.

परिणाम

अठ्ठावीस पावलं. साडेनऊ किलोच्या आसपास, पायांमागचे काटे इंचभर, दाढी बोटभर जाड. परवान्यावर तारखेची खाच तिथेच मारली. पक्षी नारिंगी कापडात गुंडाळला, नाहीतर खांद्यावरून लोंबणारा पंखा पाहून तिसराच कुणी नेम धरायचा. फोनची रेंज खाली गावात मिळाली, तिथून टेलिचेकवर, म्हणजे राज्याच्या शिकार-नोंदणी सेवेवर, नोंद केली. ती त्याच रात्री दहाच्या आत करावी लागते.

भाचा गाडीत बराच वेळ गप्प होता. "वाईट वाटतंय का?" विचारलं. म्हणाला, "वाटतंय. आणि छान पण वाटतंय. बुधवारचंच जास्त आठवतंय." मी पुढे काही विचारलं नाही.

छातीचं मांस पातळ कापून तव्यावर. मांड्यांचा काळ्या मसाल्यातला रस्सा, कुकरच्या सात शिट्ट्यांनी, तरी पायाच्या नळीतल्या शिरा दातांना पुरून उरल्या. नगरला व्हिडिओ कॉल लावला, बहीण म्हणाली, "केवढा हा कोंबडा! आणि मसाला भाजलेला नाही नीट, इथून दिसतोय." माझा स्वतःचा परवाना कोराच राहिला.

काय वेगळं करता आलं असतं

जागांचा क्रम मी चालण्याच्या अंतरावरून लावला. जिथे मला जायला सोपं, तिथे सगळ्यांनाच सोपं. सहा मिनिटांच्या त्या फोनला मी तीन दिवसांनी मान दिला. पुन्हा करायचं तर पहिला दिवस बंदूक गाडीत ठेवून फक्त चालण्यात आणि ऐकण्यात घालवेन. तीन दिवसांतला एक असा 'वाया' घालवायला मन तयार होत नाही, पण आमचे दोन तसेही गेलेच.

बुधवारी कोमट बॉनेटवर हात ठेवल्यावर परत फिरायला हवं होतं. यावर माझ्या मनात शंका नाही. परतता आलं नाही कारण दुसरी जागा अंधारात गाठण्याइतकी ओळखीची करून ठेवली नव्हती. पर्यायी जागा मनात होती, पायांना नव्हती.

'दाढी' हा शब्द घरी, रेंजवरच ठरायला हवा होता. कोर्समध्ये शिकवलं आहे, एवढ्यावर मी निर्धास्त होतो. सोबत नेणाऱ्याने स्वतःच्या तोंडून काय सांगितलं, नवखा तेच ऐकतो.

फीडरबद्दल आमचं अजून एकमत नाही. भाच्याच्या मते आणखी दोनशे मीटर जंगलात मागे सरून बसता आलं असतं. माझ्या मते पक्षी ज्या ओढीने हलतात ती ओढ मक्याची होती, आपण कुठेही बसलो तरी. वकिलाला विचारायची वेळ येऊ नये एवढीच माझी इच्छा.

परवा त्याने पुढच्या वसंतासाठी नकाशावर तीन खुणा करून पाठवल्या. दोन बंद फाटकांच्या मागे. तिसरी पाहून मी फोन केला, कारण ती गाडीतळाजवळच्या त्याच मैदानात होती.

"अरे, तिथे पुन्हा?"

"मामा, त्या दिवशी दहाला आपण निघालो तेव्हा तळावर एक तरी गाडी होती का?"

मी आठवून पाहिलं. नव्हती.

"तिथे आपण दहालाच जायचं," तो म्हणाला.